सही कुणाची, हात कुणाचा?

चवथ तीन आठवड्यांवर आली की आमच्याकडे इलेक्ट्रिशियन मिळणं भटजी मिळण्याइतकंच कठीण होऊन बसतं. दोघांनाही एकाच वेळी दहा घरी जायचं असतं. घराला रंग काढून झालेला असतो, माटोळीच्या जागेची साफसफाई झालेली असते, मुंबईचे आणि गल्फातले भाऊ सहकुटुंब येणार असतात, आणि नेमकं तेव्हाच आठवतं की न्हाणीत गीझर बसवायचा राहिला, मागच्या खोलीत प्लग पॉइंटच नाही. मग फोनाफोनी सुरू. मिळेल त्याला पकडायचं आणि दोनच प्रश्न विचारायचे. कधी येतोस? किती घेशील?

तुझ्याकडे परमिट आहे का, हा तिसरा प्रश्न मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. माझ्याही तोंडून नाही.

आता गंमत बघा. आम्ही गोंयकार कागदाच्या बाबतीत काही भोळे नव्हेत. जमिनीचा तुकडा घ्यायचा तर एक-चौदाचा उतारा बघतो, जुनी पोर्तुगीज कागदपत्रं हुडकून काढतो, वकिलाला दाखवतो. मुलीला स्थळ आलं तर मूळ गाव कोणतं, कुठल्या देवळाचे महाजन, आजोळ कुठलं, सगळं खणून काढतो. बाजारात बांगडा घेताना कल्ले उघडून बघितल्याशिवाय पैसे देत नाही. आणि ज्या माणसाने ओढलेल्या तारेच्या भरवशावर आपली आई ओल्या हाताने बटण दाबणार, त्याला मात्र काही विचारायचं म्हटलं की आम्हाला भीड पडते. "घरचो भुरगो तो, ताका किदें विचारप!"

ह्या भिडेची किंमत आमच्या घराने मोजली आहे, म्हणून हे लिहितोय.

आमचं घर अंत्रुज महालातलं. चिऱ्यांच्या भिंती, वर मंगळुरी कौलं. घरात वीज आली ती मुक्तीनंतर, वडिलांच्या काळात. लाकडी पट्टीवरून काढलेलं ते जुनं वायरिंग कित्येक वर्षं निमूटपणे चाललं, कारण त्यावर चार बल्ब, दोन पंखे आणि एक रेडिओ यापलीकडे कसला भार नव्हता. २०२२ सालच्या चवथीआधी आम्ही न्हाणीतलं तांब्याचं भाण काढलं, गीझर लावला, वॉशिंग मशीन आणलं, आणि घराचा लोडही वाढवून घेतला. काम केलं गावातल्याच एका मुलाने. हुशार, बोलायला गोड, हाताला वेगवान. त्याने सगळ्या गावाची कामं केलेली. चार दिवसांत घर लखलखीत करून दिलं. पैसेही वाजवी घेतले. चवथीला आलेल्या प्रत्येकाने कौतुक केलं.

पुढचा जून उजाडला. पहिल्याच मोठ्या पावसात, वाऱ्याने परसातल्या माडाची एक चूडत खांबावरून घरात येणाऱ्या तारेवर पडली. घरातले दिवे गेले. पावसात वीज जाणं यात आम्हाला नवीन ते काय! आईने मेणबत्ती लावली आणि धुऊन झालेले कपडे मशीनमधून काढायला मागे गेली. वीज गेलीय, मग भीती कसली? तिने मशीनला हात लावला आणि ती मागच्या मागे फेकली गेली. मनगट मोडलं. पायात रबरी चपला होत्या आणि झटक्याने हात सुटला, एवढ्यावर निभावलं. जमीन जरा अधिक ओली असती किंवा हात मशीनलाच चिकटून राहिला असता तर हा लेख मी लिहीत नव्हतो.

वीज नसताना शॉक लागला कसा? कित्येक दिवस मला हे कोडं सुटत नव्हतं. शेजारणींनी तर बाधा, राखणदाराचं राहिलेलं रोंट, इथवर मजल मारली. शेवटी फोंड्याहून एक अनुभवी कंत्राटदार आला, त्याने प्लग पॉइंटची दोन बोर्डं उघडली आणि मला जवळ बोलावून दाखवलं.

तीन पिनांच्या प्लगमधलं वरचं मोठं भोक असतं ते अर्थिंगचं. त्याच्यापासून हिरवी तार निघून बोर्डापर्यंत आणि तिथून जमिनीत पुरलेल्या अर्थिंगपर्यंत जायला हवी. आमच्याकडे हिरवी तार नव्हतीच. त्या भोकाच्या मागे बोटभर वायरचा तुकडा घेऊन तो शेजारच्या न्यूट्रलला जोडून टाकलेला होता. असं केल्याने घरभर तिसरी तार ओढायची मेहनत वाचते, तारेचे पैसे वाचतात, अंगणात खड्डाही खणावा लागत नाही. मशीन चालतं, गीझर तापतो, टेस्टर लावला तर दिवा पेटत नाही. सगळे खूश. पण चुडतीने बाहेर न्यूट्रलची तार तुटली आणि फेजची तशीच राहिली. दिवे गेले ते त्यामुळे. ट्यूबचं बटण मात्र चालूच होतं. फेजमधून आलेली वीज ट्यूबमधून न्यूट्रलमध्ये उतरली, तिला परत जायला वाट नव्हती, म्हणून ती त्या बोटभर तुकड्यातून मशीनच्या पत्र्यावर येऊन बसली. अंधारात, वीज गेलीय असं समजून, आईने तिलाच हात लावला.

एमसीबी होते की घरात, नवे कोरे! मलाही तेच वाटलं होतं. त्या माणसाने समजावून सांगितलं की एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला नाही. जास्त करंट ओढला, शॉर्ट झालं की तो पडतो. माणसाचा जीव जायला त्याच्या शतांश करंटही पुरतो. त्यासाठी आरसीसीबी नावाचं वेगळं उपकरण लागतं, घरासाठी ३० मिलीअँपियरचं. ते आमच्याकडे नव्हतं. आणि असतं तरी नुसतं ते बसवून भागत नाही, अर्थिंगही धड हवं. एका उपकरणाची सबब सांगून दुसरं टाळता येत नाही.

इथपर्यंत दोष त्या मुलाचा. पुढचा माझा.

लोड वाढवताना वीज खात्याला दिलेल्या कागदांची प्रत माझ्याकडे होती. ती मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचली. त्यात वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट होता. त्यावर एका परवानाधारक कंत्राटदाराचं नाव, परवाना क्रमांक, सही, शिक्का. इन्सुलेशन तपासलं, ठीक. अर्थिंग तपासलं, ठीक. खाली ग्राहक म्हणून माझी सही. तो कंत्राटदार दुसऱ्या तालुक्यातला. त्याने आमचं घर कधी पाहिलेलं नव्हतं, आम्ही त्याला पाहिलेलं नव्हतं. मुलाने त्याच्याकडून सही आणली होती, चहापाण्याचे पैसे देऊन. कागद खोटा होता म्हणावं तर परवाना खरा, चालू मुदतीचा, शिक्का खरा, सहीही त्याचीच. फक्त त्या कागदाचा आमच्या घराशी काही संबंध नव्हता.

म्हणूनच, परवाना बघून घ्या एवढंच सांगून मी थांबणार नाही. परवाना आमच्याकडेही होता!

कायदा याबाबतीत नवा नाही. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतला ४५ वा नियम हेच सांगत होता, २०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने त्याच्या जागी नवी नियमावली आणली तिच्यातही हे राहिलं, आणि ती मागे घेऊन २०२३ साली जी आली तिच्यातही आहे. मला समजलेला अर्थ असा: घरातल्या वायरिंगचं काम, त्यात वाढ, बदल, दुरुस्ती, हे राज्य सरकारचा परवाना असलेल्या कंत्राटदारानेच करायचं, ते सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली व्हायचं, आणि तार हातात धरणाऱ्या माणसाकडे स्वतःचं वायरमन परमिट असायचं. म्हणजे तीन माणसं आणि तीन वेगळे कागद. एका लहान कंत्राटदाराच्या बाबतीत यातले दोन-तीन कागद एकाच माणसाकडे असू शकतात, पण एकाचा कागद दुसऱ्याच्या हाताला लागू होत नाही. सूटही दिलेली आहे. बल्ब, पंखा, फ्यूज, बटण जसं होतं तसंच बदलायचं असेल तर हे लागत नाही. तेव्हा ट्यूब बदलायला आलेल्याकडे परमिट मागून हसं करून घेऊ नका. पण बोर्डातून नवी तार निघाली की नियम लागू.

हे समजल्यावर पुढच्या वेळी मी काय केलं ते सांगतो. फोंड्याच्या त्या कंत्राटदारालाच काम द्यायचं ठरलं, पण आता एकदा भाजल्यामुळे मी ताकही फुंकून पीत होतो. त्याला म्हटलं, रागावू नका, परवान्याची प्रत बघायची आहे. तो रागावला नाही, हसला. एवढ्या वर्षांत कागद मागणारे आपण दुसरे, म्हणाला. पहिले कोण, तर एक बँक मॅनेजर! त्याने प्रत दिली. मी नाव बघितलं, क्रमांक बघितला, आणि मुख्य म्हणजे मुदत बघितली, कारण हे परवाने आणि परमिटं ठराविक काळाने नव्याने करून घ्यावी लागतात आणि मुदत संपलेल्या परवान्याची झेरॉक्स वर्षानुवर्षं फिरत असते. परवाना कुठल्या प्रकारच्या कामासाठी आहे तेही बघायचं. मग आमच्या भागातल्या वीज खात्याच्या कचेरीत जाऊन तो क्रमांक सांगून विचारलं. गोव्यात वीजपुरवठा अजून सरकारी खात्याकडेच आहे, त्यामुळे दारोदार हिंडावं लागत नाही. तिथल्या माणसाने आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं (याला तक्रार करायची आहे की काय!), मग सांगितलं.

दुसरा प्रश्न, प्रत्यक्ष कामाला कोण येणार? त्याने दोन मुलांची नावं सांगितली. त्यांची परमिटं आणायला सांगा, म्हटलं. एकाकडे होतं, फोटोसकट. दुसरा शिकाऊ, तो फक्त भिंत फोडायला आणि पाइप घालायला. मला ते चाललं, कारण ते उघडपणे सांगितलं होतं.

तिसरी चौकशी मला सगळ्यांत उपयोगी वाटते आणि ती कुठल्याही नियमात लिहिलेली नाही. त्याने आधी केलेली दोन-तीन घरं दाखवायला सांगितली, पण अट अशी की काम होऊन निदान एक पावसाळा गेलेला हवा. नवं वायरिंग मे महिन्यात सगळीकडेच झकास असतं. आपल्याकडच्या कामाचा निकाल जुलैत लागतो, भिंतींना ओल आली की. त्या घरांत मी काय विचारलं? पावसात भिंतीला, नळाला झिणझिण्या येतात का? आरसीसीबी उगीच पडतो का, आणि पडला तर तो बोलावल्यावर येतो की वायर काढून बायपास कर म्हणून फोनवर सांगतो? वीज खात्याने तपासणीत काही खोट काढली होती का, आणि काढली असल्यास ती कुणाच्या खर्चाने दुरुस्त झाली? टेस्ट रिपोर्टवर सही करणारा माणूस तुमच्या घरी आला होता का? एका घरच्या बाईने सांगितलं, आला होता आणि अर्धा दिवस कटकट करत होता. तिथेच माझं मत झालं.

कामाच्या शेवटी त्याने माझ्यासमोर मेगर लावला. ५०० व्होल्टचं ते यंत्र तारांमधलं इन्सुलेशन मोजतं, एक मेगाओहमच्या खाली काटा आला तर काम परत उघडायचं. घरात जुनी ओल असलेली एक भिंत होती, तिथे आकडा कमी आला. त्याने ती लाइन बदलली, पुन्हा मोजली, मग कागद भरला. तोच टेस्ट रिपोर्ट, तसाच छापील फॉर्म. यावेळी तो माझ्या सोप्यावर बसून भरला गेला.

आता आक्षेप. माझ्या एका मित्राचं म्हणणं, परवाना म्हणजे काय कौशल्य? परवाना असलेले कामचुकार आहेत आणि कसलाही कागद नसलेले जुने हात सोन्यासारखं काम करतात. खरं आहे. मी असे जुने हात पाहिलेत. पण वाईट काम झाल्यावर जबाबदार कोण, हे कागद ठरवतो. परवानाधारकाची तक्रार झाली तर त्याचा परवाना जाऊ शकतो, म्हणून तो निदान घाबरून असतो. बिनपरवाना माणसाकडून काय काढून घेणार? आणि कुणाचा जीव गेला तर, निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दलचं कलम (२०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १०६ वं) लागताना घरमालकालाही प्रश्न विचारले जातील. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत शॉकने मरणाऱ्यांचा आकडा गेली काही वर्षं दरवर्षी दहा हजारांच्या वर असतो. त्यांतल्या कितीजणांच्या घरी कागद नीट होते याचा हिशेब मी कुठे वाचलेला नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. परवानाधारक महाग पडतो. पडतो. आमच्या घरी पहिल्या कामापेक्षा दुसरं काम सुमारे दीडपट पडलं. आईच्या मनगटाचं ऑपरेशन, प्लेट आणि तीन महिन्यांची फिजिओथेरपी मिळून जे झालं त्यात असं वायरिंग दोनदा झालं असतं.

एक गोष्ट जपून लिहायला हवी. हल्ली गोव्यात हा विषय निघाला की सूर लगेच "भायले" या शब्दावर जातो. सावंतवाडी-दोडामार्गचे, बेळगाव-खानापूरचे, ओडिशा-बिहारचे कामगार येऊन वाट्टेल तसं काम करून जातात, म्हणे. माझ्या घरातला तो बोटभर तुकडा माझ्याच गावच्या मुलाने जोडला होता. बाहेरून आलेल्यांच्या बाबतीत विचारण्यासारखी एकच जादा गोष्ट आहे. परवाने राज्यवार असतात, तेव्हा महाराष्ट्राचं किंवा कर्नाटकाचं परमिट असेल तर ते गोव्यात मान्य करून घेतलं आहे का? असेल तर प्रश्न मिटला, मग तो कुठलाही असो.

खरा राग यायला हवा तो सही विकणाऱ्यांचा. ज्या माणसाने शिक्षण घेतलं, अनुभव दाखवला, परवाना मिळवला, तो घर न बघता सही देतो, तेव्हा तो त्या कच्च्या मुलाला शिकण्याची गरजच उरू देत नाही. मुलाला वाटतं काम आपल्याला येतं, सही फक्त फॉर्मसाठी असते. आणि आम्ही ग्राहक त्या कागदावर न वाचता खाली सही करतो. आमच्या देवळांच्या जात्रा, सार्वजनिक गणपती, नाटकांचे मांडव, तिथेही हेच चालतं. ऐन पावसाळ्यात पत्र्याच्या मांडवात सेलोटेप गुंडाळलेले जोड, खाली चिखल, आणि घुमट-शामेळाच्या तालावर रंगलेली आरती. मांडवाच्या वायरिंगलाही नियम तोच आहे. मंडळाच्या खर्चात इलेक्ट्रिशियनचा आकडा आम्ही वाचतो, नाव वाचत नाही. या वर्षी आमच्या देवळाच्या कमिटीत मी हा विषय काढला. थोडी खसखस पिकली. मग ज्याच्या घरी गेल्या पावसात नळाला झिणझिण्या आल्या होत्या तो उठून उभा राहिला, आणि ठराव मंजूर झाला. सही करणाऱ्याने आरतीच्या आदल्या दिवशी मांडवात येऊन तपासणी करायची, कमिटीच्या दोघांसमोर.

तो गावचा मुलगा? काही दिवस तो रस्त्यात दिसला की मान वळवायचा. मग एकदा घरी आला, आईच्या हाताकडे बघत बसला. "म्हाका कोणें शिकयलेंच ना," म्हणाला. मला त्याचं पटलं. कुणाच्या तरी हाताखाली तार ओढता ओढता तो इलेक्ट्रिशियन झाला होता, आणि ज्याच्या हाताखाली शिकला त्यानेही ती युक्तीच शिकवली होती. आयटीआयचा इलेक्ट्रिशियनचा कोर्स दोन वर्षांचा, तो करायचं त्याचं वय आणि ऐपत निघून गेलेली. सध्या तो फोंड्याच्या त्या कंत्राटदाराकडे पगारावर आहे, वायरमन परमिटच्या परीक्षेची तयारी करतोय. गावातली ज्या ज्या घरांत त्याने तसे तुकडे जोडले होते त्यांतली पाच त्याने रविवारी जाऊन उघडली आणि दुरुस्त केली, कंत्राटदाराला बरोबर घेऊन. उरलेली घरं किती हे त्यालाही नक्की आठवत नाही.

आमच्या अंगणात आता तुळशीपासून चार पावलांवर अर्थिंगचा खड्डा आहे, वर सिमेंटचं झाकण. चिऱ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंग कमजोर पडतं, म्हणून मार्चपासून त्यात पाणी घालत जा, असं कंत्राटदाराने सांगून ठेवलंय. आई सकाळी तुळशीला पाणी घालते, उरलेली कळशी तिथे रिकामी करते. डाव्या हाताने, कारण उजव्या मनगटात अजून जोर नाही.